पट्ट्याच्या हातभर अलीकडे

सोमवार, ४

आजपासून लिहून ठेवणार. रोज नाही, लिहिण्यासारखं असेल तेव्हा. युनियनच्या पुढाऱ्यानं सल्ला दिलाय, "तोंडानं भांडू नकोस, तारीखवार लिहून ठेव. उद्या चौकशी लागली तर हातात काहीतरी पाहिजे." एरवी मी त्याचं ऐकत नाही, पण या वेळी त्याचं पटलं. कुठंतरी पाणी मुरतंय.

मी क्रेन चालवतो. शेडच्या छपराला लागून माझी काचेची केबिन. तिथं बसायचं, खाली उभा असलेला सिग्नलवाला हातानं खुणा करतो त्या बघायच्या आणि हत्तीएवढी पंपाची धडं या टोकाहून त्या टोकाला नेऊन लोखंडी बैठकीवर ठेवायची. खाली माणसं वावरत असतात. आजवर माझ्या मालानं कुणाचं नखसुद्धा दुखावलेलं नाही. ही फुशारकी नव्हे, वस्तुस्थिती.

आज साहेबांनी आम्हा सगळ्या क्रेनवाल्यांना बोलावून सांगितलं की आता लक्षाची चाचणी होणार. लक्ष किती टिकतं, निघालेला हात वेळेवर आवरतो का, असलं काहीतरी. आधी चाचणी, मग सराव, मग पुन्हा चाचणी. त्यासाठी बाहेरून एक बाई येणार.

"यात पास-नापास असं काही नाही," साहेब म्हणाले.

"मग घेता कशाला?"

"निकाल बघून केबिनमध्ये कोण बसणार ते ठरवू."

म्हणजे नापास करणार नाहीत, नुसतं हाकलणार. व्वा! बाकीचे दोघे क्रेनवाले माना डोलावत होते. त्यांचं काय जातंय, पोरं आहेत. मला खाली उतरवलं तर मी काय करणार? खराटा घेऊन शेड झाडणार?

घरी हिला सांगितलं. वाटलं, चिडेल. तर ही म्हणते, "बरं झालं." आणि पाठ फिरवून भांडी लावायला लागली. बरं झालं म्हणे! घरचेच असे तर बाहेरच्यांना काय बोलायचं.

बुधवार, ६

पहिली चाचणी झाली. जागा कुठली, तर कँटीनमागची अडगळीची खोली. परवापर्यंत तिथं बादल्या आणि फडकी होती, फिनेलचा वास अजून तसाच. बाई आमच्या मुलीच्या वयाची. मला काका म्हणते. ओळखदेख नसताना काका म्हणणाऱ्यांपासून जपून राहिलेलं बरं.

आधी प्रश्न. झोप नीट लागते का, चष्म्याचा नंबर कधी तपासला, काही औषधं चालू आहेत का.

"नाही," मी म्हणालो.

"एकही नाही? साधंसुधं काही?"

"मी आजारी दिसतो का तुम्हाला?"

बाईंनी मान खाली घालून लिहून घेतलं. काय लिहिलं ते दिसू दिलं नाही.

मग पडद्यावर बाण. डावीकडचा आला की डावं बटण दाबायचं, उजवीकडचा आला की उजवं, आणि तेही झटपट. पण मधेच कानात पीं वाजलं तर दाबायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण ते पीं नेमकं कधी वाजतं, तर बोट निघालेलं असतं तेव्हा! निम्म्या वेळा चुकलो. घाम फुटला.

"निम्मं सगळ्यांचंच चुकतं, काका," बाई म्हणाल्या. "यंत्र लावलंयच तसं. तुम्हाला थांबता आलं की पुढच्या वेळी ते जरा उशिरा वाजतं. चुकलात की जरा लवकर वाजतं."

"म्हणजे माणूस कितीही हुशार असला तरी त्याला पाडायचंच?"

"पाडायचं नाही हो. तुमचा हात थांबायला किती वेळ घेतो, तेवढंच बघायचंय."

झालं, बाईंनी आपल्या तोंडानंच कबूल केलं. यंत्र माणूस बघून डाव बदलतं. अशाला आमच्याकडे परीक्षा म्हणत नाहीत, सापळा म्हणतात.

औषध नाही म्हणालो ते खरंच आहे. गेल्या वर्षी रंगकामाचा विभाग माझ्या केबिनखाली आणला आणि मला शिंका सुरू झाल्या. हँडलवर हात असताना शिंक आली तर खाली माल नाचतो. म्हणून सकाळ-दुपार सर्दीची पिवळी गोळी घेतो, स्वतः दुकानातून आणून, शेडमध्ये कुणाला न सांगता. ती काही औषध नव्हे, खबरदारी आहे. सर्दीच्या गोळीला औषध म्हणायचं तर मग चहालाही म्हणावं लागेल.

घरी आल्यावर तोंडाला कोरड पडली होती. संतापानं, दुसरं काय. जेवता जेवता डुलकी लागली, हिनं खांदा हलवून जागं केलं. दिवसभर असल्या माकडचेष्टा करायला लावल्यावर माणूस पेंगणार नाही तर काय करणार.

शनिवार, ९

आज मुक्याबद्दल लिहायलाच हवं.

मुका म्हणजे माझा सिग्नलवाला. मुका नाही तो, पण दिवसभर हातांनी बोलून तोंडानं बोलायची सवयच गेलीय, म्हणून शेडभर तेच नाव. मला दादा म्हणतो. आमची जोडी जुनी. मिटलेली मूठ वर केली की थांब, ही आमच्या शेडची खूण. नव्या माणसाला पहिला धडा हाच देतात, की बाकी सगळ्या खुणा आपल्या सिग्नलवाल्याच्याच मानायच्या, पण मूठ कुणीही दाखवो, झाडूवाला दाखवो, थांबायचं. आधी थांबायचं, मग का म्हणून विचारायचं.

तर या मुक्याच्या वागण्यात फरक पडलाय. एक म्हणजे तो मालाकडे बघतच नाही. टक लावून माझ्याकडे बघतो. सिग्नलवाल्यानं मालावर डोळा ठेवायचा की माणसावर? केबिनची काच एवढी स्वच्छ ठेवून पस्तावलो, असं वाटायला लागलंय.

दुसरं म्हणजे मूठ लवकर मिटतो. बैठकीच्या अलीकडे जमिनीवर पांढरा पट्टा आखलाय. माल पट्ट्यावर आला की त्यानं मूठ मिटायची, मी हँडल सोडायचं, मग क्रेन थोडी सरकून थांबते आणि माल बरोबर बैठकीवर येतो. पट्टा त्यासाठीच आहे. पण मुका हल्ली पट्ट्याच्या हातभर अलीकडेच मूठ मिटतो. तरीही माझा माल बैठकीवर बरोबर येतो हे विशेष. त्याची चूक मी हातानं सांभाळून घेतो. अनुभव म्हणतात तो हा.

तो असं का करतो, हे आज कळलं. त्याच्या मेहुण्यानं क्रेनचा परवाना काढलाय. आता बोला!

मंगळवार, १२

आज बाईंनी नवीनच काढलं. पडद्यावर 'लाल' लिहिलेलं, पण हिरव्या अक्षरात. विचारलं, रंग कुठला? मी म्हणालो लाल. चूक. शब्द वाचायचा नाही, अक्षरांचा रंग सांगायचा.

"मग हिरव्या अक्षरांत हिरवं लिहा की," मी म्हणालो. "एवढे शिकलेले लोक तुम्ही!"

बाई हसल्या. हसणं चांगलं आहे हो त्यांचं, उगाच खोटं कशाला लिहू. म्हणाल्या, "डोकं आपणहून वाचायला धावतं ना, त्याला आवरायचं. तोच सराव आहे."

बाणांच्या खेळात मी एक शक्कल काढली. बाण आला तरी लगेच दाबायचं नाही. थोडं थांबायचं, पीं वाजतंय का बघायचं, मग दाबायचं. दोन-चारदा जमलं. मग ते बेणं यंत्र पीं आणखी उशिरा वाजवायला लागलं.

"काका, तुम्ही वाट बघताय," बाई म्हणाल्या.

"लक्ष देऊन बघतोय."

"बाणाकडे नाही बघत. कुठून फटका बसणार, तिकडे बघताय."

मी चष्मा पुसायला घेतला. असल्या बोलण्याला उत्तर द्यायचं नसतं.

बाहेर पडलो आणि काहीतरी विसरलं म्हणून परत वळलो, तर मुका बाईंच्या खोलीत शिरत होता. दार लावून घेतलं. सिग्नलवाल्यांची चाचणी नाहीये. मग हा तिथं कशाला? जो माणूस आठवड्यात चार वाक्यं बोलत नाही, तो आत शिरून बराच वेळ बोलतो म्हणजे काय समजायचं?

गुरुवार, १४

घरीही तेच. मी दारात आलो तेव्हा ही फोनवर बोलत होती, "नाही हो, मी सांगितलं तर अंगावर येतील." मी दिसताच, "बरं, ठेवते." कोण म्हणून विचारलं तर म्हणे मुक्याची बायको, भाव विचारत होती. कसला भाव विचारला तर उत्तर नाही.

त्यात माझ्या गोळ्यांचं पाकीट नाहीसं झालंय. फडताळात वरच्या खणात होतं.

"संपलं असेल," ही म्हणाली.

"अर्धं भरलेलं होतं."

"मग संपत आलं असेल. उद्या आणते."

आणणार नाही, मला ठाऊक आहे. मघापासून शिंका चालू झाल्यात. ही हसायला लागली. म्हणाली, "तुम्हाला शिंक येणार हे तुमच्याआधी मला कळतं. नाक वर करून आढ्याकडे असे बघता, की वाटावं तिथं पाहुणे आलेत."

घरात माझ्या गोळ्या पळवतात आणि वर विनोद करतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, हिच्यावर कधी संशय घ्यावा लागला नव्हता. वाईट वाटतं.

सोमवार, १८

गोळी नाही म्हणून तीन दिवस नुसता शिंकतोय. केबिनमध्ये रुमाल बांधून बसलो. तशात संध्याकाळी चाचणी. शिंकत शिंकत बटणं दाबली आणि आजवरचा सगळ्यात चांगला निकाल आला! बाई खुर्चीतून उठल्याच.

"काय वेगळं केलंत, काका?"

"काही नाही."

"आठवून बघा ना. झोप, जेवण, काहीही."

"म्हटलं ना, काही नाही."

एवढी खोदून खोदून विचारते म्हणजे काहीतरी आहेच. माझा अंदाज असा, की आज यंत्र मुद्दाम सैल सोडलं. आधी चढवायचं आणि शेवटच्या चाचणीला पाडायचं, म्हणजे सगळ्यांना वाटेल, बघा, अचानक ढासळला. बकऱ्यालाही आधी चारा घालतातच.

येताना गोळ्यांची दोन पाकिटं घेतली. एक डब्याच्या पिशवीत तळाशी, एक केबिनमध्ये. आता शोधा म्हणावं.

शनिवार, २३

मुका रजेवर निघाला. मुलीचं बाळंतपण आहे म्हणे. आणि त्याच्या जागी खुणा करायला कोण? मेहुणा! साहेबांनीच सांगितलं, हंगामी म्हणून. बोट दिलं की हात धरणारी जात. आज खुणा करेल, उद्या केबिनमध्ये बसेल.

जाताना मुका शिडीपाशी आला. माझ्याशी काहीतरी बोलायचं होतं त्याला. तोंड उघडलं, मिटलं. शेवटी एवढंच म्हणाला, "दादा, जपून."

धमकी होती की काय, कळलं नाही. मीही म्हणालो, "तूसुद्धा."

सोमवार, २५

मेहुण्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली. पोरगा चपळ आहे, खुणा स्वच्छ करतो. पण मूठ? तीही पट्ट्याच्या हातभर अलीकडे! दोघांचं सगळं ठरलेलं आहे. उद्या काही झालं की म्हणणार, आम्ही तर वेळेआधीच थांबा म्हणालो होतो, यांनाच आवरलं नाही. केवढा डाव!

दुपारी काम थांबवून खाली उतरलो आणि सगळ्यांसमोर त्याला धरलं.

"पट्टा दिसत नाही का तुला?"

"दिसतो की. पण भावजींनी असंच सांगितलंय."

"हँडलवर हात तुझ्या भावजीचा आहे की माझा?"

"तुमचा."

"मग उद्यापासून पट्ट्यावर मूठ मिटायची. रेसभर अलीकडे नाही, रेसभर पलीकडे नाही. समजलं?"

"बरं, दादा," म्हणाला. तोंड एवढंसं झालं होतं. बरं वाटलं मला. बाकीची माणसं हातातलं काम सोडून बघत होती, त्यांनाही कळलं की म्हाताऱ्याला कुणी फसवू शकत नाही.

मंगळवार, २६

मिस्त्रीचं मनगट मोडलं.

माझ्या मालानं. बैठकीपाशी आमच्या शेडचा जुना मिस्त्री लाकडी ठोकळे लावत होता. पोरानं पट्ट्यावर मूठ मिटली. अगदी पट्ट्यावर, मी डोळ्यांनी पाहिलं. मी हँडल सोडलं. सोडलंच, लगेच सोडलं, असं मला वाटतंय. पण माल थांबला नाही, पुढं गेला, ठोकळ्यांच्या थप्पीला लागला, थप्पी कोसळली आणि मिस्त्री तिच्याखाली. त्याचं ओरडणं वर केबिनपर्यंत ऐकू आलं.

मिस्त्री आणि मी एकाच वर्षी लागलो. त्याच्या पोरांच्या लग्नांत मी वाढलंय.

 आज एवढंच.

गुरुवार, २८

चौकशी झाली. साहेब, बाई, पुढारी, मेहुणा आणि मी. क्रेन दोनदा तपासली, ब्रेक ठणठणीत निघाले. मी तयारीनं गेलो होतो. म्हणालो, खूण उशिरा मिळाली.

मेहुणा उभा राहिला. पोरगा रडवेला झाला होता. "साहेब, मी पट्ट्यावरच मूठ मिटली. दादांनीच सांगितलं होतं आदल्या दिवशी, सगळ्यांनी ऐकलंय."

"त्याआधी कुठं मिटत होतास?"

"हातभर अलीकडे. भावजींनी बजावलं होतं. बाकीच्या दोघांसाठी पट्ट्यावर, आणि दादांसाठी हातभर अलीकडे. विसरलास तर जीव जाईल कुणाचा, असं म्हणाले होते."

"फक्त दादांसाठी?" साहेबांनी विचारलं.

"फक्त दादांसाठी."

पुढारी माझ्या कानाशी लागला, "वही काढ, वही." मी काढली नाही. पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलो. खोलीत कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं.

केबिन बंद. निकाल लागेपर्यंत खाली काम.

रविवार, ३१

आधी मिस्त्रीकडे गेलो. हात गळ्यात बांधून बसला होता. मी नुसता उभा. तोच म्हणाला, "बस रे. डाव्या हातानं चहा प्यायला शिकतोय, बघून हस थोडा." मला हसता आलं नाही.

तिथून मुक्याकडे. नातीला मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या बायकोनं खुर्ची दिली आणि आत गेली. मी विचारलं, "कधीपासून?"

त्यानं काय म्हणून विचारलं नाही. "गेल्या वर्षीपासून. आधी वीतभर पुरायचं. मग हातभर लागायला लागलं."

"मला सांगायचंस!"

"काय सांगणार होतो, दादा? तुमचा हात उशिरा थांबतो म्हणून? तुम्ही म्हणाला असता, मेहुण्यासाठी जागा करतोय."

मी नातीचं सरकलेलं दुपटं सारखं केलं. 

"साहेबांना सांगितलं असतं तर त्याच दिवशी केबिन गेली असती तुमची," तो म्हणाला. इतकं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "म्हणून वहिनींना सांगितलं. मग ती बाई आली, म्हटलं शिकलेली आहे, तिला विचारावं. तर ती म्हणे, काही औषध वगैरे घेतात का? मला काय माहीत."

"आणि माझ्याकडे टक लावून काय बघायचास?"

"माल कुठं जाणार ते मालाकडे बघून थोडंच कळतं? तुमच्याकडे बघितलं की कळायचं, आज किती आधी मिटायची ते."

नातीनं तेवढ्यात त्याचं बोट तोंडात घातलं आणि तो परत मुका झाला. मी उठलो. जिन्यात मला रडू आलं. त्याच्या बायकोनं पाहिलं, पण पाहिलं नाही असं दाखवलं.

घरी आलो. ही वाटच बघत होती. कुठल्याशा डब्यातून माझं हरवलेलं पाकीट काढून तिनं पुढ्यात ठेवलं. "हे बाईंना दाखवा. या गोळ्या सुरू झाल्यापासून तुम्ही ताटावर झोपता. चारदा म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, तू डॉक्टर झालीस का? माझं ऐकू नका, पण तिला तरी दाखवा."

सवयीनं पाण्याचा तांब्या आणि पाकीट, दोन्हींकडे हात गेला. हिनं मिटलेली मूठ माझ्या नाकासमोर धरली. आमच्या शेडची खूण हिला कुणी शिकवली, देव जाणे. मुक्याच्या बायकोनं शिकवली असणार. हात थांबला माझा.

सोमवार, १

बाईंसमोर पाकीट ठेवलं. त्यांनी मागची बारीक अक्षरं वाचली. मग एका ओळीवर बोट ठेवलं.

"काका, यानं झोप येते. हात मंदावतो. गाडी चालवू नका असं लिहिलंय यावर. तुम्ही तर क्रेन चालवता!"

"सर्दीची गोळी आहे हो."

"मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं."

"तुम्ही विचारलंत, म्हणूनच नाही सांगितलं."

त्या हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. मग अठरा तारखेच्या चांगल्या निकालाचं सांगितलं, की त्या वेळी पाकीट सापडत नव्हतं. त्यांनी कपाळाला हात लावला. शिंक माल नाचवेल म्हणून गोळी घेत होतो, हेही सांगितलं. माणसांच्या काळजीनंच घेत होतो, हे त्यांना पटलं की नाही कुणास ठाऊक. मला तरी ते पटवून घ्यायचंय. पण मिस्त्रीचं मनगट आठवलं की जमत नाही.

डॉक्टरांकडे पाठवताहेत. गोळी बंद, नाकात मारायचा फवारा चालू, केबिनच्या फटी बुजवणार. शिंक येतेय असं वाटलं की हँडल सोडायचं, हाही एक सराव. आणि बाण आहेतच. केबिन परत मिळेल का, असं विचारलं. बाई म्हणाल्या, "माहीत नाही." त्यांच्या या एका वाक्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला.

शुक्रवार, १२

बाणांचा निकाल चांगला येतोय. सरावानं थोडा फरक पडला, गोळी सुटल्यानं जास्त, असं बाई म्हणतात. निम्मं अजून चुकतंच. बाकीच्या दोघा पोरांना विचारलं, त्यांचंही निम्मंच चुकतं. आधीच विचारलं असतं तर? पण आधी मी त्यांच्याशी बोलत कुठं होतो.

खाली काम करतो. खराटाच आहे हातात. काही वाईट नाही, शेड मोठी आहे.

सोमवार, २२

आज केबिनमध्ये चढलो. चाचणी म्हणून, रिकामी शेड करून. खाली पट्ट्यापलीकडे साहेब, बाई, हात गळ्यात बांधलेला मिस्त्री आणि सिग्नलला मुका. मिस्त्रीला कुणी बोलावलं नव्हतं, आपणहून आला होता.

पहिलं धड उचललं. निघालो. मुक्यानं मूठ मिटली, मी थांबवलं आणि माल बैठकीच्या हातभर अलीकडेच उभा राहिला. साहेबांनी बाईंकडे बघितलं.  मग लक्षात आलं, की मुक्यानं जुन्या सवयीनं मिटली होती. काच सरकवून ओरडलो, "अरे, पट्ट्यावर मिट!"

मेहुण्याला म्हणालो होतो तेच शब्द. खाली सगळ्यांनाच ते आठवले असणार, मिस्त्रीनं चांगल्या हातानं गळ्यातली झोळी सारखी केली.

मागे घेऊन परत निघालो. मुक्याचा हात वर, बोटं उघडी. पट्टा जवळ आला, बोटं उघडीच. माझ्या डोक्यात जुना किडा वळवळला, हा मुद्दाम उशीर करतोय. खरं तेच लिहितोय, आला तो विचार. मग मूठ मिटली. हात थांबला. माल सरकला आणि बैठकीवर बसला. मिस्त्रीनं वाकून बघितलं आणि चांगला हात वर केला.

साहेब म्हणाले, आणखी एक फेरी. दुसरं धड घेऊन शेडच्या मध्यावर आलो होतो. बैठक लांब, पट्टा लांब, वाटेत कुणीही नाही. आणि मुक्यानं एकदम मूठ मिटली.

हँडल सुटलं हातातून. थांबलो. का, हा प्रश्न थांबल्यावर आला. खाली बघितलं, काहीच नव्हतं. साहेब इकडेतिकडे बघत होते, मिस्त्री मालाकडे बघत होता. मुका मूठ वर धरून माझ्याकडे बघत होता.

आणि मला शिंक आली. एक नाही, लागोपाठ चार. केबिन हलली. खाली माल तसूभरही हलला नाही.

डोळे पुसून पाहिलं तेव्हा मुक्यानं मूठ उघडली होती आणि हातानं खूण करत होता, चल, ये पुढं.